बाळाची शब्दवही: एक ते तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे कसे नोंदवावे आणि केव्हा तपासून घ्यावे

आमचा मुलगा दीड वर्षाचा असताना लसीकरणासाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारले, "किती शब्द बोलतो?" सासूबाई म्हणाल्या, पंचवीस तरी. यजमान म्हणाले, दहा-बारा. मी मनात मोजू लागले, तर सहाच्या पुढे जाईना. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच मुलाला दिवसभर खेळवणाऱ्या तीन माणसांची तीन उत्तरे आली, आणि त्यांपैकी एकही खात्रीचे नव्हते. त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. पुढे सहा महिन्यांत तिचा जो उपयोग झाला, तो पाहता ती बाळाच्या पहिल्या वाढदिवसालाच आणायला हवी होती, असे मला आजही वाटते. ज्यांच्या घरी बाळ नुकतेच एक वर्षाचे होत आहे, त्यांच्यासाठी मी हे सारे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी वय नीट मोजा

"दीड वर्षाचा झाला" असे ढोबळ वय टप्प्यांच्या कामाचे नाही. वय महिन्यांत मोजा. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरतात, म्हणजे ते जितके आठवडे लवकर जन्मले तितके वयातून वजा करतात. दोन महिने आधी जन्मलेले बाळ चौदा महिन्यांचे असले, तरी त्याची तुलना बारा महिन्यांच्या बाळाशी करायची. ही वजाबाकी न केल्यामुळे अनेक आया विनाकारण रडवेल्या होतात. उलट, पूर्ण दिवसांच्या बाळाला "लहान आहे अजून" म्हणून मनानेच सवलत देणे हीदेखील चूकच आहे.

२. वही सुरू करा, आणि शब्द कशाला म्हणायचे ते ठरवा

प्रत्येक शब्दापुढे तारीख, बाळाचे वय आणि तो शब्द बाळ कशासाठी वापरते, या तीन गोष्टी लिहा. शब्द मोजताना मी पुढील कसोटी लावत असे: बाळ तो आवाज आपणहून काढते का, त्याच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा काढते का, आणि काही सांगण्यासाठी किंवा मागण्यासाठी काढते का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो शब्द आहे, मग उच्चार कसाही असो. काकूला "तातू" म्हणणे हा शब्द आहे. कुत्र्याला "भू भू" म्हणणे हाही शब्दच. मात्र आपण "म्हण, चेंडू" म्हटल्याबरोबर बाळ "तेंदू" म्हणाले आणि नंतर चेंडू समोर असूनही कधी म्हणाले नाही, तर ती नक्कल झाली, ती मोजू नका. सासूबाईंच्या पंचविसांपैकी बरेचसे शब्द या प्रकारचे होते.

आमच्या वहीतले पहिले पान असे आहे: "१८ महिने ९ दिवस. मम: पाण्याला, आमटीलाही. काऊ: कावळा, खिडकीतले कबूतर, छताचा पंखा. भूर: बाहेर जायचे असले की दाराकडे बघून. बाऊ: लागले की. आई. बाबा." चार दिवसांनी संक्रांत होती. गच्चीवर गेलो, तर पतंगालाही "काऊ" झाले. जे उडते किंवा वर फिरते ते सगळे काऊ, अशी त्याची समजूत होती, आणि ती मला फार शहाणपणाची वाटली. एका शब्दात पुष्कळ वस्तू कोंबणे ही या वयाची रीतच आहे. तिला चूक मानून "नाही, काऊ नाही!" असे ओरडू नये. "हो, वर उडतोय, पतंग" एवढे म्हणावे.

घरात दोन भाषा असतील, तर दोन्हींतले शब्द मोजा आणि बेरीज करा. पाळणाघरात "पानी" आणि घरी "मम" म्हणणाऱ्या मुलाचे हे दोन्ही शब्द खरेच आहेत. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी आजी-आजोबांची मराठी बंद करून घरात मोडके इंग्रजी सुरू करणे हे तर बाळाचे दुहेरी नुकसान आहे.

३. बोलणे पाहण्याआधी समज पाहा

या पायरीवर थोडे थांबा, कारण आमची फसगत इथेच झाली.

"बोलत नाही, पण त्याला सगळं समजतं" हे वाक्य आम्ही महिनोन्महिने अभिमानाने सांगत होतो. चप्पल आण म्हटले की तो आणत असे, आंघोळीला चल म्हटले की न्हाणीघराकडे पळत असे. पुढे एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी मला एक साधी गोष्ट सुचवली. हात मांडीवर ठेवा, नजर त्या वस्तूकडे नेऊ नका, हातात टॉवेल किंवा छत्री घेऊ नका, आणि फक्त तोंडाने सांगा. घरी येऊन मी वर्तमानपत्र उघडून बसले आणि वर न बघता म्हणाले, "चेंडू आण." तो थांबला. त्याने माझ्या हातांकडे पाहिले, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि वाट पाहत उभा राहिला. मी करंगळी जरा पलंगाकडे वळवली मात्र, तो लगेच पलंगाखाली शिरला. तो आमचे शब्द ऐकत नव्हता, आमचे हात वाचत होता, आणि ते काम इतक्या हुशारीने करत होता की मोठ्या चौघांना पत्ता लागला नाही.

म्हणून ही चाचणी तुम्हीही करा. बाळ खेळात रमलेले नसताना, टीव्ही बंद करून, रोजच्या ओळखीची एकच वस्तू सांगा. एका दिवसाच्या उत्तरावर निष्कर्ष काढू नका, आठवडाभर निरनिराळ्या वस्तूंनी करा आणि वहीत लिहा. दीड वर्षाच्या सुमारास खुणेशिवाय सांगितलेले एक साधे काम मुलाला कळायला हवे. पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन बाळ वळते का, हेही याच आठवड्यात पाहा. ताट आपटून किंवा टाळी वाजवून घेतलेली परीक्षा मात्र उपयोगाची नाही, कारण मोठा आवाज कमी ऐकणाऱ्या मुलालाही ऐकू जातो, शिवाय जमिनीचा हादरा आणि हाताची हालचाल त्याला कळतेच.

४. टप्पे माहीत करून घ्या

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपली विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. त्या वयाच्या निदान ७५ टक्के मुलांना जे जमते, तेच त्या वयापुढे लिहायचे, असे सुधारणेचे सूत्र आहे. त्यामुळे ही यादी हुशार मुलांची नसून बहुतेक मुलांची आहे, आणि तिच्याकडे त्याच नजरेने पाहावे. मी आमच्या घरातल्या शब्दांत ती अशी मांडली होती:

• १२ महिने: टाटा करते, आई-बाबांना काहीतरी खास नावाने हाक मारते, "नको" म्हटल्यावर क्षणभर तरी थांबते.
• १५ महिने: आई-बाबा सोडून आणखी एक-दोन शब्द काढू पाहते, हवी ती वस्तू बोट दाखवून मागते.
• १८ महिने: आई-बाबा सोडून निदान तीन शब्द, खुणेशिवाय एक सूचना पाळणे, आणि "ते बघ" या अर्थाने बोट दाखवणे.
• २४ महिने: दोन शब्द जोडणे ("अजून मम", "बाबा भूर"), शरीराचे निदान दोन अवयव दाखवणे, पुस्तकातले चित्र दाखवणे.
• ३० महिने: सुमारे ५० शब्द, दोन शब्दांत एखादे क्रियापद ("काऊ उडाला"), स्वतःला "मी" म्हणणे.
• ३६ महिने: उत्तर-प्रत्युत्तर करत बोलणे, कोण, काय, कुठे, का असे प्रश्न विचारणे, आणि परक्या माणसालाही बहुतेक वेळा कळेल इतके स्पष्ट बोलणे.

बोट दाखवण्याकडे विशेष लक्ष द्या. मागण्यासाठी दाखवलेले बोट वेगळे, आणि चांदोबा दिसला म्हणून तुम्हालाही दिसावा यासाठी दाखवलेले बोट वेगळे. दुसरे बोट न दाखवणारे मूल शब्द बोलत असले, तरी ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

उच्चारांची काळजी मात्र या वयात करू नये. प, ब, म हे ओठांचे आवाज आधी येतात. क आणि ग यांच्या जागी त आणि द येणे, र चा ल होणे, ळ आणि ण उशिरा स्थिरावणे, हे सर्व नेहमीचे आहे. अडीच वर्षांच्या आसपास मूल "करलं", "जाला" असे म्हणू लागले, तर आनंद माना, कारण क्रियापदाचा नियम त्याला सापडला आहे आणि आता फक्त अपवाद शिकायचे आहेत. आमचा मुलगा बरेच दिवस "मी जाते, मी खाते" म्हणत असे. दिवसभर तो माझ्याच तोंडून हे ऐकत होता, तेव्हा त्याने दुसरे काय म्हणावे? कोणी हसले तर त्यांना शांतपणे हे समजावून सांगा, मुलाला चिडवू देऊ नका.

५. चालण्याविषयी थोडेसे

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय चालण्याचे वय ८.२ ते १७.६ महिने इतके विस्तृत आहे. त्याच अभ्यासात काही मुले रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. साडेसतरा महिन्यांनंतरही पाऊल टाकले नाही, तर दाखवून घ्यावे. ज्यात बाळाला बसवतात तो चाकांचा वॉकर आणू नका. तो चालायला शिकवत नाही आणि पायऱ्यांवरून पडण्याचे अपघात घडवतो, म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा, कारण त्यात बाळ आपल्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. पण तोही कोणीतरी जवळ असतानाच द्यावा.

६. रोजच्या कामातच बोला

वेगळा अभ्यास, चित्रांचे पत्ते, मोबाइलवरचे धडे यांची गरज नाही. पोळ्या करताना बाळाला शेजारी बसवून छोटे लाटणे आणि कणकेची गोळी द्या, आणि जे चालले आहे तेच बोला: "गोळा केला. लाटली. गोल गोल. तव्यावर टाकली. फुगली!" शब्द आणि कृती एकाच क्षणी पुढे आल्या की शब्द पक्का बसतो. बाळ "गाडी" म्हणाले, तर तुम्ही एकच पाऊल पुढे जा: "गाडी गेली." ते "गाडी गेली" म्हणाले, तर "लाल गाडी गेली." लांबलचक वाक्यांचा भडिमार करू नका.

मग थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मोठ्यांना हे फार जड जाते, मलाही गेले, पण बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतो. "केळं हवं की पोळी?" असे दोन पर्याय पुढे धरून विचारले, तर बोलायला जागा मिळते. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचे जे खेळगाणे आपल्या सर्वांच्या आजीला येते, त्यात शेवटच्या ओळीआधी थांबून पाहा. बाळ ती जागा स्वतःच्या आवाजाने भरते, आणि शब्द येण्याआधी ही पाळी घेणे यावे लागते.

यातली खाचखळग्यांची ठिकाणेही सांगते. पाहुण्यांसमोर "मावशीला म्हणून दाखव" करू नका. दिवसभर "हे काय? ते काय?" अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. शब्द उच्चारल्याशिवाय दूध द्यायचे नाही, असला हट्ट तर मुळीच करू नका. बाळबोली वाईट म्हणून "मम", "चिऊ", "गाई गाई" बंद करण्याचा सल्ला अनेकजण देतात. माझे मत याच्या उलट आहे. हे शब्द ओठांना सोपे आणि कानाला गोड आहेत, म्हणूनच पिढ्यान्पिढ्या टिकले. त्यांच्या जोडीला पूर्ण शब्दही बोलत जा: "चिऊ आली, चिमणी आली बघ."

स्क्रीनबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली अजिबात नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कोणी बघत नसताना चालू ठेवलेला टीव्हीही बंद करा, कारण त्या आवाजात आपणच कमी बोलतो.

७. या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका

बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, चोवीस महिन्यांपर्यंत आपल्या मनाने जोडलेले दोन शब्द नाहीत, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गळून गेले, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा.

तुम्हाला सगळीकडून वाट पाहण्याचे सल्ले मिळतील. आम्हालाही मिळाले. "याचे बाबा तिसऱ्या वर्षी बोलले", "जिभेखालची तार कापून घ्या", "मुलगे उशिराच बोलतात". हे शेवटचे वाक्य तर एका दवाखान्यातच ऐकले, आणि त्यावर विसंबून आम्ही तीन महिने घालवले. त्या तीन महिन्यांत वहीत फक्त तीन शब्द वाढले होते. तो आकडा समोर नसता, तर आम्ही आणखी किती थांबलो असतो, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरे, पण वरच्या मर्यादा दोघांनाही सारख्याच लागू आहेत.

सरकारी सोय कोणती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात आणि शंका असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लहानपणीच उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. तुमचे मूल अंगणवाडीत जात नसले, तरी अंगणवाडी सेविकेकडे नाव नोंदवून तपासणीची तारीख विचारून ठेवा. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाचे, वाचा आणि श्रवण या विषयांचे राष्ट्रीय संस्थान १९८३ पासून आहे, तिथे ऐकण्याची आणि बोलण्याची तपासणी होते.

जाताना एका फायलीत पुढील गोष्टी ठेवा:

• माता व बाल संरक्षण कार्ड, लसींच्या नोंदी आणि वजन-उंचीच्या आलेखासह
• प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड (जन्मवजन, किती आठवडे, कावीळ, काचेच्या पेटीत ठेवले होते का)
• जन्माचा दाखला आणि असल्यास बाळाचे आधार कार्ड
• आधी कानाची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल
• शब्दवही
• घरी सहज घेतलेले एक-दोन मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ, कारण तपासणीच्या खोलीत बहुतेक मुले गप्प होतात

८. कानांची तपासणी कशी होते

बोलायला उशीर म्हटला की पहिली तपासणी कानांची, मग बाकी सगळे. आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का, हे ओएई या तपासणीत पाहतात. तिच्यात कानात लहानसे बोंडुक ठेवतात आणि काही मिनिटांत काम होते. टिम्पॅनोमेट्रीत पडद्यामागे पाणी साचले आहे का ते कळते. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे बेरा या तपासणीत पाहतात. तिच्यात डोक्याला पट्ट्या चिकटवतात, आणि मूल गाढ झोपलेले असावे लागते. त्या दिवशी बाळाला पहाटेच उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, त्याची नेहमीची गोधडी बरोबर न्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो रिक्षात झोपला, तिथे पोहोचल्यावर टक्क जागा झाला, आणि आम्हाला परत यावे लागले. बाळाला सर्दी असेल तर तपासणाऱ्यांना आधी सांगा. ओएईच्या कागदावर पुढील तपासणीचा शेरा आला, म्हणजे मूल बहिरे आहे असा अर्थ होत नाही, पुढची तपासणी करायची एवढाच होतो. ती मात्र टाळू नका.

आमच्या मुलाच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी निघाले. वारंवार होणाऱ्या सर्दीत ते साचत गेले होते, आणि त्याला आमचे बोलणे पाण्याखालून यावे तसे येत होते. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले, तोवर समोर बसून, चेहरा दिसेल असे बोलायला सांगितले. तीन महिन्यांनी पाणी ओसरले होते. सर्वांचेच असे आपोआप ओसरत नाही, काहींना पडद्यात बारीक नळी बसवावी लागते, म्हणून फेरतपासणीची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

९. वही केव्हा थांबवावी

दोन शब्द जोडले जाऊ लागले की सुटे शब्द मोजणे सोडा आणि आठवड्यातून एकदा त्याचे सर्वांत लांब वाक्य तेवढे लिहा. आमच्याकडे चोवीस महिन्यांना एकतीस शब्द होते, पंचविसाव्या महिन्यात "बाबा भूर" आले, आणि सत्ताविसाव्या महिन्यात शब्द मोजणे मलाच जमेनासे झाले. शेवटची नोंद दोन वर्षे नऊ महिन्यांची आहे. उन्हाळ्याची दुपार होती, वीज नुकतीच आली होती, आणि तो छताकडे बघत सासूबाईंना सांगत होता, "आजी, पंखा काऊ नाहीये, पंखा वारा देतो." हे वाक्य उतरवून घेईपर्यंत तो पुढची तीन वाक्ये बोलून गेला होता.